विडरशिन्स : या उलट्या फेऱ्याला मराठीत काय म्हणाल?

डावखुरी

नमस्कार मंडळी. धागा शब्दार्थाचा आहे, पण सुरुवात लापशीपासून होते. तेवढं चालवून घ्या.

आम्ही एडिनबराला राहतो. शेजारी एक आजीबाई आहेत, ऐंशीच्या पुढच्या, मूळच्या वरच्या हायलँड्समधल्या. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून गेल्या आठवड्यात सकाळी त्यांच्याकडे ओटची लापशी करायला गेले. इथे ती ढवळायला स्पर्टल नावाची लाकडी काठी असते. एखादं लाटणं वर्षानुवर्षं झिजून बोटाएवढं झालं तर जसं दिसेल, तशी. मी डावखुरी, त्यामुळे हात आपोआप उलटा फिरतो. दोन-तीन वेढे झाले असतील नसतील, तोच बाई खुर्चीतून ओरडल्या, "विडरशिन्स नको, विडरशिन्स नको!" मला वाटलं, लापशी खाली लागली.

मग कळलं की लापशी उजव्या हाताने, सूर्य फिरतो त्या दिशेने ढवळायची असते. उलटी ढवळली तर सैतानाला आवतण. आता गंमत बघा. डाव्या हाताने वाढलं म्हणून साताऱ्यात माझ्या आजीने पळी हाणली होती, त्याला तीस वर्षं झाली. इतक्या लांब येऊन पुन्हा तीच पळी.

खरी अडचण पुढे आहे. लेकीला शाळेत चाइल्ड रोलंडची लोककथा सांगितली. त्यात पोरं चेंडू खेळत असतात, चेंडू चर्चपलीकडे जातो, आणि बर्ड एलन नावाची बहीण तो आणायला चर्चला विडरशिन्स वळसा घालून धावते. झालं, ती गायब. पऱ्यांच्या राजाने नेलेली असते. रात्री मी हीच गोष्ट मराठीत सांगायला घेतली आणि या शब्दाशी अडले. "एलन घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने धावली" म्हटलं की गोष्टीतली भीती गेली, भूमितीचा तास सुरू झाला. "एलन चर्चभोवती उलटी..." एवढंच म्हटलं तर लेक खिदळत सुटली, तिला वाटलं ओकली.

एका शब्दाचं, जरा अंगावर येणारं क्रियाविशेषण हवंय. आणि हा शब्द मुळात आला कुठून तेही कुणी सांगितलं तर उत्तमच.

गिरमिट

अपसव्य. धागा बंद करा.

खलबत्ता

अर्थ सरळ दिसतोय की. विदर म्हणजे विरुद्ध, शिन म्हणजे शाइन. सूर्यप्रकाशाच्या विरुद्ध.

जुनी_पोथी

खलबत्ता, पहिलं अर्धं बरोबर, दुसरं अर्धं मोहात पाडणारं पण चूक. मी तीस वर्षं जर्मन शिकवलं, तेव्हा या शब्दाशी जुनी ओळख आहे. जरा सविस्तर लिहितो.

हा शब्द इंग्लंडचा नव्हे, स्कॉटलंडचा. तिथे तो आला मध्ययुगीन उत्तर जर्मनीच्या बोलीतून, 'वेडरसिन्नेस' या रूपात. त्यातलं 'वेडर' म्हणजे विरुद्ध. आजच्या जर्मनमध्ये ते 'वीडर' म्हणून आहे. 'सिन' म्हणजे वाट, दिशा, जाणं. हा 'सिन' मेलेला नाही. आजही जर्मन माणूस घड्याळाच्या दिशेला 'ऊरत्साइगरझिन' म्हणतो, म्हणजे घड्याळाच्या काट्याचा झिन. तोच शब्द. इंग्रजीतला 'सेंड', धाडणे, हाही याच कुळातला, कारण धाडणे म्हणजे वाटेला लावणे. तेव्हा विडरशिन्स म्हणजे शब्दशः 'विरुद्ध वाटेने'. त्यात ना सूर्य आहे ना त्याचा प्रकाश. सूर्य नंतर लोकांनी घुसवला, तुम्ही घुसवलात तसाच.

'वेडर'चं आणखी एक. इंग्रजीतला 'विथ' आज 'सोबत' असा अर्थ देतो, पण मुळात तो 'विरुद्ध' होता. 'विथस्टँड' या क्रियापदात तो जुना अर्थ अडकून राहिलाय : विरुद्ध उभं राहणं, टिकाव धरणं. या सगळ्यांचं मूळ आणि आपला 'वि' हा उपसर्ग एकच. ऋग्वेदात 'वितरम्' येतं, 'अधिक दूर, अधिक अलग' या अर्थाने, त्याची घडण थेट 'विदर'सारखी आहे.

शेवटच्या 'स'बद्दल जेवून लिहितो.

पाटावरचा_गणपती

म्हणजे शेवटी संस्कृतातूनच आलं ना? मला वाटलंच होतं. सगळं आपल्याकडूनच गेलंय.

जुनी_पोथी

नाही हो. दोन चुलतभावांचं नाक सारखं असलं म्हणून एक दुसऱ्याचा बाप होत नाही. आजोबा एक.

खलबत्ता

शाइन मागे घेतो. पण एक विचारतो, हा शब्द सापडतो कधीपासून? आणि सुरुवातीपासून भुताखेतांचाच आहे का?

जुनी_पोथी

जेवण झालं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मजेशीर आहे.

लेखी पहिला दाखला १५१३ चा मानतात. गॅव्हिन डग्लस नावाच्या कवीने व्हर्जिलच्या 'इनीड'चं स्कॉट्स भाषेत भाषांतर केलं, त्यात हा शब्द आला. आणि तिथे कुणी कशाभोवती फिरत नाहीये! नायक भेदरतो, आणि त्याचे केस विडरशिन्स उभे राहतात. म्हणजे ज्या बाजूला केस बसतात, त्याच्या उलट. आपण मांजराच्या पाठीवरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर होतं ते. वर्तुळाचा, घड्याळाचा, सूर्याचा काही संबंध नाही. नुसतं 'असायला हवं त्याच्या उलट', आणि त्यात अंगावर आलेला काटा. डावखुरीताई, तुम्हाला हवी असलेली भीती त्या शब्दाच्या पहिल्याच हजेरीत आहे.

फेरा त्याला नंतर चिकटला, आणि असा चिकटला की पहिला अर्थ विसरला गेला.

आता शेवटचा 'स'. हा अनेकवचनाचा नाही, जुन्या षष्ठीचा आहे. नामाला षष्ठी लावून क्रियाविशेषण करायची ही जर्मन कुळाची जुनी खोड. जर्मनमध्ये 'आबेंट' म्हणजे संध्याकाळ आणि 'आबेंट्स' म्हणजे संध्याकाळी. इंग्रजीत ऑल्वेज, वन्स, ट्वाइस, नावडेज, यांच्या शेवटी जो स् ऐकू येतो तो हाच. विभक्ती केव्हाच मेली, शेपूट राहिलं.

आणि हे वाचून कुणी परक्यासारखं बघू नये, कारण मराठी तेच करते. 'अकस्मात', 'अर्थात', 'पश्चात', 'साक्षात' यांच्या शेवटचा त हा संस्कृतच्या पंचमीचा. 'सहसा' ही तृतीया आहे, 'सहस्' म्हणजे बळ, त्याची. आपण दिवसातून दहा वेळा 'अर्थात' म्हणतो आणि 'अर्थापासून' असं म्हणतोय हे कुणाच्या मनातही येत नाही.

गिरमिट

हे सगळं ठीक. पण माझ्या 'अपसव्य'चं काय झालं? भूगोलाच्या मराठी लिखाणात चक्रीवादळं उत्तर गोलार्धात अपसव्य फिरतात असंच वाचत आलोय. तयार शब्द असताना चर्चा कसली?

श्रीवर्धनचा_नारळ

चक्रीवादळाचं नाव काढलंत म्हणून. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा मी वाडीतच होतो. आधी वारा एका बाजूने, मग थोडी उसंत, मग बरोबर उलट्या बाजूने. पहिल्या वाऱ्यात वाकलेल्या पोफळी दुसऱ्या वाऱ्यात मोडल्या. अपसव्य की विडरशिन्स ते माहीत नाही, पण अंगावर येणारा शब्द हवा असेल तर 'अपसव्य' नको. तो शब्द ऐकून पोफळसुद्धा घाबरणार नाही.

जुनी_पोथी

गिरमिटराव, 'अपसव्य'ची दुखरी नस अशी की 'सव्य' म्हणजे मुळात डावा. अर्जुन सव्यसाची का? तर डाव्या हातानेही बाण मारतो म्हणून. उजव्या हाताचं कौतुक कुणी कशाला केलं असतं? म्हणजे 'अपसव्य' हे व्युत्पत्तीने 'डावं नसलेलं', उजवं झालं! जानव्याच्या बाबतीत हे अजून तंतोतंत जुळतं. गुरुजी 'सव्य' म्हणतात तेव्हा जानवं डाव्या खांद्यावर असतं, 'अपसव्य' म्हणतात तेव्हा उजव्या. पण श्राद्धात अपसव्य करतात, श्राद्ध म्हणजे नेहमीच्या उलट, म्हणून अपसव्य म्हणजे उलट, आणि मग मराठीत उलटं ते डावं, अशी कोलांटी बसली. आज मराठीत अपसव्य म्हणजे घड्याळाविरुद्ध हे मान्य, मी काही भाषेला परत संस्कृतात ढकलणार नाही. फक्त शब्द स्वतःच उलटा फिरून आलाय, हे ध्यानात असू द्या.

संस्कृतात प्रदक्षिणेच्या बरोबर उलट शब्द आहे 'प्रसव्य'. देवाला प्रदक्षिण, पितरांना प्रसव्य.

डावखुरी

प्रसव्य! लेकीला आधी उलटी ऐकू आली, आता प्रसूती ऐकू येईल. राहू द्या काका.

केसांचं मात्र भन्नाट आहे. उद्या आजीबाईंना विचारते त्यांनी तसं कधी ऐकलंय का.

तळ्यात_मळ्यात

पितरांचं निघालं म्हणून लिहिते. बाबा गेले तेव्हा भाऊ परदेशातून पोहोचू शकला नाही, मडकं मी धरलं. खांद्यावर पाण्याने भरलेलं मडकं, मागून एकजण दगडाने भोक पाडतोय, आणि मी सवयीने चितेला उजव्या हाताला ठेवून चालायला लागले, देवळात चालतो तशी. गुरुजींनी दंडाला धरून मला फिरवलं. "बाळ, डाव्या अंगाने." तोवर मी रडले नव्हते. त्या एका वळण्यात एकदम लक्षात आलं की हे देऊळ नाही.

तेव्हा त्या आजीबाई ओरडल्या ते मला हास्यास्पद नाही वाटलं. त्यांच्या स्वयंपाकघरात कुणीतरी नकळत ते वळण घेत होतं.

डावखुरी

तळ्यात, काय लिहू. असं मनात आलंच नव्हतं.

घाटवाट

स्कॉटलंडमध्ये ती भीती नुसती स्वयंपाकघरातली नव्हती. १५९०-९१ चे नॉर्थ बेरिकचे चेटकिणींचे खटले प्रसिद्ध आहेत. सहावा जेम्स राजा डेन्मार्कहून राणीला घेऊन येताना समुद्रात वादळं झाली, आणि ती चेटकिणींनी उठवली असं ठरवून माणसं पकडली. राजा स्वतः चौकशीला बसला होता. तिथल्या चर्चच्या आवारात सैतानापुढे मुजरा झाला, मग पुरुषांना नऊ वेळा आणि बायकांना सहा वेळा विडरशिन्स फिरवलं, असं त्या कागदपत्रांत नोंदलंय. छळ करून वदवून घेतलेले जबाब ते. पण वदवून घेणाऱ्यांना कोणता तपशील खरा वाटेल, हे त्यातून कळतं. कुठल्या दिशेने फिरलात, हाही पुरावा होता.

एडिनबराहून नॉर्थ बेरिक रेल्वेने अर्ध्या तासावर आहे. डावखुरीताई, जाऊन या. जुन्या चर्चचे अवशेष बंदराजवळ आहेत. मी गेलो होतो तेव्हा वारा इतका होता की कुठल्याच दिशेने फिरता येईना.

आपा_राजापूरची

एक लक्षात आणून देते, भांडायला नाही. तवाफ करताना काबा आपल्या डाव्या हाताला असतो, सात फेरे, म्हणजे घड्याळाच्या उलट. माझे मामू-मुमानी हजहून आले तेव्हा मामू सांगायचे, इतकी माणसं आणि सगळी एकाच अंगाने वाहतायत, जसं पाण्याचा भोवरा. तिथे ती दिशा सगळ्यात पाक. मग 'उलटं म्हणजे अशुभ' हे कुणाचं?

घाटवाट

+१ आपा. कैलासाच्या परिक्रमेतही हेच. हिंदू आणि बौद्ध उजवीकडून जातात, बोन पंथाचे लोक डावीकडून. वाटेत समोरासमोर येतात, एकमेकांना वाट देतात आणि पुढे जातात.

गिरमिट

शंकराला सोमसूत्री घालतो तेव्हा आपणही अर्धा वेळ उलटेच चालतो की. पन्हाळीपर्यंत जायचं, ओलांडायची नाही, आल्या वाटेने मागे फिरायचं आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा पन्हाळीपर्यंत. महादेवाचं सगळं वेगळंच.

शून्यसावली

शाळेत विज्ञान शिकवतो. थोडं डोकं खातो.

घड्याळाचे काटे ज्या दिशेने फिरतात ती दिशा आली सूर्यघड्याळाच्या सावलीवरून, आणि घड्याळं बनली उत्तरेकडच्या देशांत. तिथे दुपारी सूर्य कायम दक्षिणेला, म्हणून सावली पश्चिमेकडून उत्तरेवरून पूर्वेला जाते. तीच 'सरळ' ठरली. 'क्लॉकवाइज' हा इंग्रजी शब्द तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, त्याआधी माणूस सूर्याकडे बघूनच दिशा सांगायचा.

पण आपण कर्कवृत्ताच्या खाली. मेच्या मध्याला मुंबई-पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो! तेव्हा अंगणात मीटरभर काठी उभी केली तर २१ जूनला मुंबईत मध्यान्हीची सावली जेमतेम साडेसात-आठ सेंटिमीटर पडेल, आणि तीही दक्षिणेला. दुपारच्या आसपास ती सावली घड्याळाच्या उलट सरकते. विडरशिन्स, अस्सल.

मुलांकडून करून घ्यायचा फार प्रयत्न केला. २१ जूनला मुंबईत ऊन असेल तर ना. आठ वर्षांत एकदा अर्धा तास मिळाला. सहावीतल्या एकाने खडूने तीन खुणा केल्या आणि पाऊस आला.

खलबत्ता

मास्तर, मस्त! म्हणजे स्कॉटलंडचा सैतान जूनमध्ये मुंबईत आला तर त्याला कळणारच नाही कुठून फिरायचं.

डावखुरी

आज आजीबाईंकडे जाऊन आले. केसांबद्दल त्यांनी काही ऐकलेलं नाही. पण उलट शब्द विचारला तर म्हणाल्या, 'जेशल'. त्यांच्या गेलिक भाषेतला, इंग्रजीत डीझिल म्हणून लिहितात. लहानपणी गावी होडी किनाऱ्यावरून निघाली की आधी जेशल वळवायची, मग हवं तिकडे न्यायची. आणि मग त्या म्हणाल्या की 'जेस' म्हणजे उजवा आणि 'जेस' म्हणजेच दक्षिण. मी म्हटलं, थांबा. आमच्याकडेही तेच! दक्षिण म्हणजे उजवी, म्हणून प्रदक्षिणा.

त्यांनी विश्वासच ठेवला नाही. मला खिडकीशी नेऊन पूर्वेला तोंड करून उभं केलं, प्लास्टरचा हात उचलून दाखवला. "हे उजवं. हे दक्षिण." मी तसाच उजवा हात केला. "हे उजवं. हे दक्षिण." दोन बायका खिडकीत एकेक हात पसरून. समोरच्या घरातला माणूस बघत होता.

काका, हे चुलतभावांचं नाक का योगायोग?

जुनी_पोथी

नाक, नाक! हे तर एकदम घरातलं. गेलिकचा तो शब्द, लॅटिनचा 'डेक्स्टर', ग्रीकचा 'डेक्सिओस' आणि आपला 'दक्षिण', सगळे एका मुळाचे. पूर्वेला, उगवतीला तोंड करून उभं राहिलं की उजवा हात दक्षिणेला जातो. पुढ्यात असते ती 'प्राची', पाठीमागची 'पश्चिम'. गेलिक माणसाने उत्तरेला 'तुआ' म्हटलं आणि त्यावरून उलट्या फेऱ्याला 'तुआहल'. तो शब्द पुढे 'चुकीचं, वेडंवाकडं' या अर्थानेही वापरात आला. म्हणजे त्या बाईंच्या घरी विडरशिन्स हा पाहुणा शब्द, घरचा तुआहल.

१७०३ साली मार्टिन मार्टिन नावाच्या स्काय बेटावरच्या माणसाने पश्चिमेकडच्या बेटांचं वर्णन छापलं. त्यात तो लिहितो की लोक उजव्या हातात विस्तव घेऊन घराभोवती, धान्याभोवती, गुरांभोवती फेरी घालत, आणि तिला 'डेसिल' म्हणत. नीरांजन घेऊन ओवाळणाऱ्याला यात नवीन ते काय?

आणि जाता जाता : दख्खन, डेक्कन, हे याच 'दक्षिण'चं प्राकृत रूप. तेव्हा १ जून १९३० पासून मुंबई-पुणे धावणारी ती डेक्कन क्वीन, शब्दाने 'उजव्या हाताची राणी'.

पाटावरचा_गणपती

उजव्या सोंडेची ऐकली होती, उजव्या हाताची आज कळली.

तळ्यात_मळ्यात

मराठीत 'उजवं'चं किती लाड आहेत बघा. व्रत उजवतं, मुलगी उजवते, कूस उजवते. कोकणात देवाला कळी लावली आणि उजवी पडली की उजवा कौल, काम फत्ते. आणि डाव्याच्या वाट्याला काय? डावं-उजवं करणं आणि डावलणं. मीही डावखुरी आहे, म्हणून विचारते.

डावखुरी

हात मिळव. डावा.

श्रीवर्धनचा_नारळ

मूळ प्रश्न राहिला. ताई, आमच्या घरी रात्री गोष्टी सांगणारी एक आत्या होती. हडळीचे पाय कसे? 'उफराटे'. टाच पुढे, चवडा मागे. उलटे नाही म्हणायची ती, उफराटेच म्हणायची, आणि तो 'फ' असा काढायची की समई हलली असं वाटायचं. तुमची ती पोर चर्चला उफराटी धावली असं म्हणून बघा.

गिरमिट

अपसव्य मागे घेतो. हा शब्द चांगला आहे.

जुनी_पोथी

वा! आणि हा केसांनाही चालतो. 'केस उफराटे उभे राहिले.' म्हणजे १५१३ चं वाक्य आणि चर्चचा फेरा, दोन्ही एका शब्दात बसले. मी दोन दिवस विभक्त्या मोजत बसलो, आत्याबाईंनी एका फुंकरीत काम केलं.

व्याकरणाची एक पुस्ती : तो धावला तर 'उफराटा', ती धावली तर 'उफराटी'. आमचं क्रियाविशेषण कर्त्याचं लिंग धरून चालतं, 'ती छान गाते' मधलं चालत नाही, 'ती चांगली गाते' मधलं चालतं. इंग्रजीत ही सोय नाही.

खलबत्ता

पण उफराटा म्हणजे वर्तुळात उलटा असं कुठे येतं? कुणी म्हणेल ती पाठमोरी धावली.

श्रीवर्धनचा_नारळ

मग 'उफराटा फेरा घालून' म्हणा. दोन शब्द झाले, पण चर्चभोवती पाठमोरं धावणारी पोर दिसणार नाही.

डावखुरी

काल रात्री सांगितली. "चेंडू गेला चर्चपलीकडे. एलन निघाली. आणि घाईत, बघ हं, तिने चर्चला उफराटा फेरा घातला." लेक गप्प. मग पांघरुणातून, "उफराटा म्हणजे?" मी काही बोलले नाही, नुसतं डाव्या हाताने हवेत एक वेढा काढला. तिने पाय आत ओढून घेतले.

नारळदादा, तुमच्या आत्यांना नमस्कार सांगा.

पुढे रोलंड तिला सोडवायला जातो तेव्हा टेकडीचं दार उघडायला त्यालाही तीन वेळा उफराटंच फिरावं लागतं. तिथे लेक म्हणाली, "मग ते वाईट कसं? तसंच फिरून तो आत गेला ना?" मला उत्तर सुचलं नाही. आपा, तिला तुमच्याकडे पाठवते.

आपा_राजापूरची

खुशाल पाठव. घावन-नारळाचा रस करून ठेवते, रस ती हव्या त्या अंगाने ढवळू दे.

शून्यसावली

अवांतर, पण राहवत नाही. दक्षिणावर्ती शंख म्हणून जो दुर्मीळ शंख लाखमोलाचा मानतात, त्याला प्राणिशास्त्रज्ञ डावखोरा शंख म्हणतात. वस्तू तीच. ते टोक वर धरून बघतात, आपण पूजेत धरतो वेगळा. भिंतीवरचं घड्याळ काचेचं असतं आणि आपण भिंतीपलीकडे उभे असतो, तर काटे उलटेच फिरताना दिसले असते.

तेव्हा डावखुरीताई, आजीबाईंना सांगा : पातेल्याच्या बुडाकडून बघितलं तर तुम्ही लापशी अगदी जेशल ढवळत होता.

डावखुरी

सांगितलं. म्हणाल्या, "बुडाकडून कोण बघतं, ठाऊक आहे ना?"